लाट नसलेलं तळं

तळी बुजवून माणसांनी विजेसाठी काचेचे निळे पत्रे मांडले, त्या वर्षीची ही गोष्ट. रानबदकांचा दमलेला थवा उतरायला पाणी शोधत होता. थव्यातल्या नीराच्या पिल्लांचे पंख थकून लुळे पडत चालले होते. तेवढ्यात खाली चकाकलं.

"आलं आपलं तळं. उतरा," म्होरक्या आबा म्हणाला.

"आबा, एवढा वारा सुटलाय आणि एक लाट हलत नाही. ते पाणी नाही," नीरा म्हणाली.

"पाणी ओळखायला मीच शिकवलं तुला."

"शिकवलंत की. पण तुम्ही स्वतः शिकायचं कधी सोडलंत?"

 पिल्लं मेली तरी चालतील, पण आबाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही बाकीच्या म्हाताऱ्यांची रीत. नीराने पिल्लांना वर रेटलं. आबा हट्टाने खाली झेपावला, पाण्यावर उतरतात तशी छाती पुढे काढून. म्हातारे त्याच्या मागे वळणार तोच फाडकन आवाज आला. तो पुन्हा उठला नाही.

"आता पुढचं तळं कुठंय?" म्हाताऱ्यांनी नीराला विचारलं.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "सगळे बघत राहा. दिसेल त्याने सांगा, पिल्लांनीसुद्धा."

पुढाऱ्याच्या तोंडून असलं बोलणं त्या थव्याने कधी ऐकलं नव्हतं. पाणी शोधायला सगळ्यांच्या माना पहिल्यांदाच खाली वळल्या.