निरोगी आळीचा वैद्य

फार पूर्वी हेमवती नगरीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. तरुणपणी ते वैद्यकीही शिकले होते. राजा मोठा दयाळू. त्याने घरोघरचं मूठभर धान्य एका कोठारात जमवलं आणि दवंडी पिटवली, की आजाऱ्याने वैद्याला काहीच द्यायचं नाही, वैद्याचं मोल कोठार देईल. वैद्याने आजाऱ्याच्या दारावर कडुलिंबाची डहाळी बांधायची. जितके दिवस डहाळी, तितकं धान्य.

झालं! एकदा बांधलेली डहाळी काही केल्या सुटेना. कुंभारआळीतल्या कुंडलच्या पायाची जखम भरत आली, की राजवैद्य कालसेन ती पुन्हा उकरी. शेवटी जखम चिघळली आणि तो म्हणाला, "पाय कापावा लागेल."

कुंडलची बायको रोहिणी अमात्यांच्या दारी येऊन ढसाढसा रडली. "मायबाप, धन्याचा पाय गेला तर माती कोण तुडवणार? आम्ही खायचं काय?"

अमात्यांच्या काळजात चर्र झालं. ते तडक राजसभेत गेले. "महाराज, आपण आजाराला मोल देतो, म्हणून आजार हटत नाही. एकेका वैद्याला एकेक आळी नेमून द्या. कुणी आजारी पडो न पडो, माणशी ठरलेलं धान्य त्याला मिळू द्या."

कालसेन फिदीफिदी हसला. "मग काय, वैद्य ताणून झोपतील!"

"झोपणाऱ्याला आळीने बदलावं. धान्य नव्या वैद्याला जाईल," अमात्य म्हणाले. "आधी कुंभारआळी मला द्या. कुंडल चालत सभेत आला नाही, तर मी अमात्यपद सोडेन."

राजाने होकार दिला. अमात्यांनी कुंडलची जखम धुतली, मध-तुपाचा लेप बांधला आणि तिला सुखानं भरू दिलं. विहिरीभोवतीची घाणही स्वतः उभं राहून उपसून घेतली. आळीतल्या डहाळ्या एकेक करून उतरू लागल्या. कालसेन मनातल्या मनात चरफडत राहिला.

आणि एके सकाळी अख्खी कुंभारआळी वाजतगाजत सभेत शिरली. सगळ्यांच्या पुढे कोण? कुंडल! स्वतःच्या दोन्ही पायांवर! रोहिणी हसत होती, डोळेही पुसत होती. राजा आनंदानं सिंहासनावरून उठला. "आजपासून साऱ्या नगरीत हाच नियम!"

कालसेन मान खाली घालून पुढे आला. "अमात्य, मलाही एक आळी द्या."

"कोणती?"

"जिथं सर्वांत जास्त आजारी आहेत, ती."

आपल्या पूर्वजन्मीची ही गोष्ट सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. तो कालसेन आज आपल्या विहारात आजाऱ्यांच्या उशाशी जागतो आहे. आणि अमात्य मीच होतो. करुणेनं कोठार भरलं होतं, पण कुंडलचा पाय वाचवला तो प्रज्ञेनं. ही प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता."