आग अडकू नये म्हणून

"उस्ताद, कवटी डावीकडं बघू दे का उजवीकडं?"

शार्दूलनं फोन लतीफ उस्तादांच्या नाकापुढं धरला होता. जागच्या जागी उड्या मारत होता. खुशीनं.

आमचा बँड 'वेताळ'. आम्ही दोघंच आहोत, पण दंगा दहा जणांचा. शार्दूल गिटार वाजवतो आणि गातो, मी ड्रम बडवतो. वेबसाईट पण मीच केली. गणितात नापास झालेला माणूस एवढं करतो, तर जरा कौतुक पाहिजे.

कोल्हापूरच्या रॉक मेळ्यात एकच जागा उरलेली. तिथल्या सानेमॅडम पाच वाजता सगळ्यांच्या साईटी बघून एका बँडला बोलावणार होत्या. चार वाजून गेलेले. आणि उस्तादांनी 'हां' म्हटल्याशिवाय शार्दूल काही पुढं पाठवत नाही. त्याला गिटार त्यांनीच शिकवली, मिरजेत, ह्याच खोलीत.

उस्ताद चहात खारी बुडवत होते.

"आग कुणी लावली ही?"

"मी," मी म्हणालो. "आधी सगळी स्क्रीन पेटते. मग कवटी हसते. मग आमचा फोटो."

कवटीचे दात आमच्या हेडमास्तरांच्या फोटोतनं कापलेत, ते मी सांगितलं नाही.

"बघितल्या बघितल्या कळलं पाहिजे उस्ताद," शार्दूल म्हणाला, "की ही पोरं डेंजर आहेत."

"फोटो कुठला?"

"दगडाच्या खाणीतला."

"खाणीत लाईट आहे?"

"नाही."

"मग गिटार कशाला जोडलीय?"

"कशालाच नाही. वायर दिसली की फोटो घाण दिसतो."

उस्तादांनी खारी खाल्ली. सावकाश.

"आणि गाणं?"

शार्दूलनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"होतं की," मी म्हणालो. "पण गाणं ठेवलं की आग अडकायची. म्हणून गाणं काढलं."

...

उस्तादांनी फोन घेतला. आवाज शेवटपर्यंत वाढवला. आणि फोन कानाला लावून डोळे मिटले.

त्यांच्या दाढीपाशी आग पेटली. कवटी हसली. फोटो आला. परत आग.

"उस्ताद, फोन नाही आला कुणाचा," मी म्हणालो.

"गप बस रे चिक्या. बँड ऐकतोय."

शार्दूल हसला. मग हसायचा थांबला, कारण उस्ताद फोन काही काढेनात. चहा गार झाला. शार्दूलचे कान लाल झाले.

"काय ऐकू येतंय?" त्यानं हळूच विचारलं.

उस्तादांनी फोन त्याच्या कानाला लावला.

...

त्यानं एक कान लावून बघितला, नंतर दुसरा. पार वेड्यासारखा.

मग म्हणाला, "चिक्या, अँप्लिफायरची वायर आण."

मी पळालोच. ड्रम घरी होते, म्हणून उस्तादांची लोखंडी ट्रंक ओढली. आतल्या गोधड्या काढून फेकल्या तर आवाज असला फुटला की बास. फोन खिडकीत ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि घातला राडा. मधेच शार्दूलची तार तुटली. तो थांबला नाही, उरलेल्या तारांवरच सुटला. शेजारची चाची भांडायला आली आणि दारातच उभी राहिली. माझ्या अंगावर काटा. स्वतःच्याच बँडनं.

पाचला थोडा वेळ होता. आग उडवली. कवटी उडवली. खाण उडवली. राहिलं काळं पान, मधोमध एक बटण.

"एवढंच?" शार्दूल म्हणाला. "मॅडम हसतील."

"हसू दे," मी म्हणालो आणि पाठवून दिलं.

पाच वाजले. काही नाही. शार्दूल नखं खात होता. मी ट्रंकेवर बसलेलो, पाय हलत होते आपोआप.

फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"अहो, तुमची साईट बिघडलीय का? नुसतं एक बटण आहे."

शार्दूलनं डोळे मिटले.

"दाबलं का, मॅडम?" मी विचारलं.

"दाबलं."

...

"परत दाबलं. आता ऑफिसातले सगळे दाबतायत. रविवारी या. आणि गाण्यात मागं ते पत्र्यासारखं काय वाजतंय?"

"ट्रंक आहे, मॅडम."

"ती पण आणा."

शार्दूलनं मला उचलून गरागरा फिरवलं. माझी चप्पल चाचीला लागली. ती पण हसत होती. मग तो उस्तादांच्या पाया पडला आणि खालूनच बोलायला लागला, दम लागलेला.

"उस्ताद, आता मेळ्याची माणसं साईटवर येणार. एक तरी फोटो पाहिजे. चेहरा कळला पाहिजे ना आमचा. कुठला लावू?"

उस्ताद तुटलेली तार बोटाला गुंडाळत होते.

"वाजवताना काढलेला जो तुला कळलाच नाही, तो."