सांगकाम्या आणि दुसऱ्या महिन्याची अमावास्या

डोंगरउतारावरच्या एका गावात एक बाई राहत होत्या, आणि त्या फार दमल्या होत्या.

गावाला पाणी पुरवणारी एक मोठी टाकी होती. टाकीत पाणी सोडायची झडप एक यंत्र उघडत असे, आणि त्या यंत्राने कधी काय करायचं याचा कोड बाईंनी लिहिला होता. यंत्र अडलं की बाईंना हाक. पाणी कमी आलं की बाईंना हाक. जेवताना हाक, तापात हाक. बाईंचे गुडघे गेले, तरी हाका काही थांबल्या नाहीत. आता त्यांना बहिणीकडे जाऊन स्वस्थ पडायचं होतं. ट्रंक भरून तयार होती. फक्त यंत्र सांभाळणारं कुणीतरी हवं होतं.

त्यांची एक शिष्या होती. हुशार, पण घाईची. त्याच सुमाराला गावात नवं यंत्र आलं, म्हणजे कोडही नव्याने लिहायचा. बाई म्हणाल्या, "हा तू लिही. जमला की मी निघाले."

आता, गावातल्या संगणकात एक बोलका सहायक होता. काय हवं ते सांगावं, तो झटपट कोड लिहून देई. गावाने त्याचं नाव सांगकाम्या ठेवलं होतं. शिष्येने त्याला सांगितलं, "रोज सकाळी पाणी सोड. अमावास्येला मात्र बंद ठेव."

कारण त्या गावाची रीत होती. अमावास्येला माणसं रिकाम्या टाकीत उतरत आणि खराट्याने शेवाळ घासत.

सांगकाम्याने विचारलं, "अमावास्या कशी धरू? पंचांग पाहून, की दर तीस दिवसांनी?"

"तूच ठरव."

"लिहिलेलं समजावून सांगू?"

"नको रे बाबा, नुसतं लिहून दे."

त्याने लिहून दिलं. बाईंनी विचारलं, "झालं का गं?"

"चालतंय, बाई!"

का चालतंय, हे बाईंनी विचारायला हवं होतं. पण दमलेल्या माणसाला 'चालतंय' ऐकायला इतकं बरं वाटतं की पुढचा प्रश्न तोंडातून निघतच नाही.

पहिली अमावास्या नीट पार पडली. झडप बंद राहिली, टाकी लख्ख झाली, शिष्येचं कौतुक झालं. बाईंनी बहिणीला निरोप धाडला, पुढच्या अमावास्येनंतर येते.

दुसऱ्या अमावास्येला माणसं टाकीत उतरली आणि झडप उघडली.

आत आरडाओरडा झाला. शिष्या धावत संगणकापाशी गेली. "बंद कर! पाणी बंद कर!"

"यातली कोणती ओळ बदलू?" सांगकाम्याने विचारलं. "झडप आता उघडी का आहे?"

शिष्येने पडद्यावरचा कोड वरपासून खालपर्यंत चाळला. कोड तिच्या नावावर होता, पण त्यातली एकही ओळ तिच्या ओळखीची नव्हती.

शेवटी बाईच लंगडत चढ चढून गेल्या आणि त्यांनी झडपेचं चाक हाताने फिरवलं. माणसं वाचली. पण वर येण्याच्या घाईत शिष्येची मावशी शेवाळावरून घसरली आणि तिचा हात मोडला.

संध्याकाळी बाईंनी तो कोड वाचला. "हे तीस कुठून आलं?"

"त्याने घातलं."

"तुला विचारलं नाही त्याने?"

शिष्येची मान खाली गेली. "विचारलं होतं. मी म्हटलं, तूच ठरव."

"अगं, अमावास्या कधी तीस दिवसांनी येते, कधी एकोणतीस. हे तुला जन्मापासून माहीत आहे. त्याने विचारलं, तेव्हा सांगायचं होतंस एवढंच."

बाई रागावल्या नाहीत. रागवायलाही अंगात बळ लागतं. त्यांनी ट्रंक उघडली आणि रोजची लुगडी बाहेर काढून दांडीवर टाकली. ते पाहून शिष्येला रडू फुटलं. मावशीने दिलेल्या शिव्यांनीसुद्धा ती रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती सांगकाम्यासमोर बसली. "आता लिहायचं मी. तू फक्त विचार. चुकले की कुठे ते लगेच सांगू नकोस, मला शोधू दे."

"बरं," सांगकाम्या म्हणाला. त्याला काय, तो सांगितलं तसं करणारा.

तिचा कोड वेडावाकडा झाला. कितीदा अडला, कितीदा पुसला. पंचांग मांडीवर घेऊन तिने एकेक तिथी घातली. कित्येक अमावास्या गेल्या. दर वेळी माणसं टाकीत उतरण्याआधी ती स्वतः झडपेपाशी जाऊन उभी राही. मग एके दुपारी ती बाईंकडे आली.

"चालतंय, बाई," ती म्हणाली. "का चालतंय ते सांगू?"

बाई भिंतीला टेकून बसल्या. "सांग. सावकाश सांग."

ती पहिल्या ओळीपासून सांगू लागली. झडपेपर्यंत आली, तिथीपर्यंत आली, आणि मान वर करून बघते तर बाईंना गाढ झोप लागली होती. तिने आवाज हळू केला, पण सांगणं शेवटच्या ओळीपर्यंत पुरं केलं. मग दांडीवरची लुगडी काढली, घड्या घातल्या आणि ट्रंकेत ठेवली.

एवढ्यावरून घ्यायचं ते तात्पर्य असं: जो आपल्यासाठी लिहून देतो त्याच्याकडून जरूर शिकावं, पण समजून घ्यायचं काम त्याच्यावर टाकलं, की सांगकाम्या तो राहत नाही, आपण होतो.