पानिपतचा समुद्र

“एकतीस मुलांना एकच चूक एकाच दिवशी कशी सुचते, गुरुजी?”

गुरुजींनी खळीची वाटी जवळ ओढली. निवृत्त झाल्यापासून ते ओसरीवर बसून वाचनालयाची फाटकी पुस्तकं चिकटवत.

“कोणती चूक?”

“पानिपत म्हणे समुद्रकाठी आहे! आठवीचा अख्खा वर्ग. बत्तीसपैकी एकतीस.”

पाचारणे सरांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आदळला. ते याच गुरुजींकडे इतिहास शिकले होते आणि तालुक्यात पहिले आले होते. अजून सांगत.

“लबाड आहेत. एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. सगळ्यांना शून्य. मुख्याध्यापकांना द्यायचा अर्जही आणलाय. तुम्ही एकदा नजर टाका.”

“शेवंतालाही शून्य?”

“तिलाही.”

“नापास झाली तर शाळा बंद, मेंढरांमागे धाडीन, असं तिचा बाप म्हणतोय.”

“मग कॉपी कशाला करायची?” सरांनी डोळे बारीक केले. “तुम्हाला भेटून गेली वाटतं?”

गुरुजींनी गठ्ठा पुढे ओढला. वरची पत्रिका उचलून वाचू लागले.

“‘भरती आल्यामुळे मासे मिळाले नाहीत व आपले सैन्य उपाशी राहिले.’”

दुसरी उचलली.

“‘अब्दाली गलबतातून आला. घोड्यांना बोट लागली, म्हणून लढाई लांबली.’”

गुरुजींचं पोट हललं. सर हसले नाहीत.

“ही शेवंताची. ‘अब्दाली जिंकला पण इथे राहिला नाही, कारण त्याच्या लोकांना खारी हवा मानवेना.’” गुरुजींनी चष्मा काढला. “समुद्र एकच. पण जो तो आपापल्या जागी बुडालाय. उतरवणारा एवढे कष्ट घेतो होय रे?”

“हुशारीनं उतरवलंय. हल्लीची पोरं तुम्हाला माहीत नाहीत.”

“बरोबर कुणी लिहिलं?”

“काशिदनं. तो एकटा प्रामाणिक.”

“बसतो कुठे?”

“खांबामागे. का?”

…

गुरुजींनी एक फाटकं पान आणि एक सुटा तुकडा पुढे सरकवला.

“बोलता बोलता एवढं चिकटव.”

सरांनी बोट खळीत बुडवलं. तुकडा पानाच्या भोकावर बसवला, तळहातानं दाबला. छान बसला.

“आता वाच.”

“‘राजाने प्रधानाला बोलावले आणि… चार तास पाण्यात भिजत घातले.’” सर थांबले. “हा तुकडा पाककृतींच्या पुस्तकातला आहे!”

“हो.”

“तुम्ही मुद्दाम दिलात.”

“हो. पण वाचायला कुणी अडवलं होतं?”

“मला भोक दिसलं, मी बुजवलं…”

“बुजलंय की.”

सर बोटाकडे बघत राहिले. बोटाला खळीचा वास येत होता. आंबूस, ओळखीचा.

“गुरुजी…”

“हं.”

“मागच्या साली तपासणीला साहेब यायचे होते. वर्गातल्या नकाशाला वाळवी लागलेली. वरचा एक तुकडा खाली पडला होता, आणि कोकणाजवळ भोक होतं. साहेबांची गाडी फाटकात आली… मी घाईत…”

“झेंडावंदनाला आलो तेव्हा पाहिला मी. रत्नागिरीच्या शेजारी पानिपत.”

“तेव्हाच का नाही बोललात?”

“मला वाटलं, तू रोज बघतोस, तुला दिसेल. चूक माझीही. साहेब काय म्हणाले?”

“शेरा दिला. ‘भिंती बोलक्या आहेत.’”

“आणि नंतर तू पाहिलास का कधी?”

“नकाशाकडे माझी पाठ असते, गुरुजी. मी मुलांवर नजर ठेवतो. कोण कुणाचं बघून लिहितंय ते…”

सरांनी गठ्ठ्यातून काशिदची पत्रिका ओढली. मग अगदी हळू म्हणाले, “काशिदला खांबाआडून नकाशा दिसत नाही.”



सरांनी अर्ज उचलला. फाडायला दोन्ही हातांत धरला.

गुरुजींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. सरांच्याच खिशातलं लाल पेन काढून त्यांच्यापुढे धरलं.

“फाडू नकोस, मुकुंदा. कॉपी झालीच आहे. कुणाचं बघून केली, तेवढं लिहायचं राहिलंय.”