पोपटांचा चोरलेला शब्द

एका राज्यात राजाहून पोपटांच्या शब्दाला मान अधिक. गावोगाव वार्ता नेण्याचे काम त्यांचे. रीत अशी, की पोपटाने आधी 'मी पाहिले' किंवा 'मी ऐकले' म्हणावे आणि मगच वार्ता सांगावी. 'पाहिले' म्हटले की लोक हातातले काम टाकून उठत. 'ऐकले' म्हटले की खुशाल जेवत बसत. शहाणी रीत होती.

तिथल्या गोड्या तळ्यावर कपालकेतू मांत्रिकाचा डोळा होता. लोक तळे सोडून जावेत म्हणून त्याने मंत्र टाकला, साऱ्या पोपटांच्या कंठातून 'ऐकले' हा शब्द चोरला आणि काशाच्या घटात कोंडला. आता कानावर आलेली वार्ताही बिचारे पोपट 'मी पाहिले' म्हणूनच सांगू लागले. मग मांत्रिकाने एका पोपटाच्या कानात कुजबुज केली, आणि झाडाझाडावरून एकच बोल उठला, "मी पाहिले. सुमेधा वैद्यिणीने तळ्यात विष कालवले."

भरल्या तळ्याच्या काठी माणसे तहानेने कोसळू लागली. जिने घरोघरची तान्ही बाळे वाचवली, तिच्यावर त्याच घरांनी दगड उचलले. सांगतानाही संताप येतो. राजा विजयध्वजाने आज्ञा केली, सूर्यास्ताला सुमेधेचा कडेलोट.

तिची लेक इरावती दरबारात उभी राहिली.

"महाराज, विष कालवताना कोणी पाहिले?"

"साऱ्या पोपटांनी."

"सर्वांत आधी कोणी?"

राजा म्हणाला, "सूर्यास्तापर्यंत शोधून काढ."

इरावतीने राजवाड्यातल्या पोपटाला विचारले, "ही वार्ता तुला कोणी दिली?" त्याच्या कंठातून 'ऐकले' हा शब्द फुटेना. तो वार्ता देणाऱ्या पोपटाकडे उडाला, ती मागे धावली. एका पोपटाकडून दुसऱ्याकडे माग काढत ती पेटत्या नदीशी पोहोचली. आईने शिकवलेला पाला तळपायांना चोळून ती ज्वाळांवरून चालत गेली. पलीकडे पाषाणाचा नाग वाट अडवून बसला होता. त्याच्या फण्यात काटा रुतला होता. तो तिने हलक्या हाताने काढला, तेव्हा नाग बाजूला झाला. पुढच्या गुहेत कपालकेतू घटाला टेकून बसला होता.

"उशीर केलास," तो म्हणाला. "तुझ्या आईचा कडेलोट झाला. राजाचा सूड घे. विद्या मी देतो."

इरावतीच्या काळजाचे पाणी झाले.

"आई गेली हे मी पाहिलेले नाही," ती म्हणाली. "मी फक्त ऐकले."

आपला उच्चार कानी पडताच घटात कोंडलेला शब्द उसळला. काशाचे तुकडे झाले, आणि कपालकेतू धूर होऊन विरला. नागाने इरावतीला पाठीवर घेतले आणि तो निघाला.

सूर्य टेकला होता. सुमेधा कड्यावर उभी होती.

"महाराज, पोपटांना पुन्हा विचारा," इरावती म्हणाली.

राजाने विचारले. "मी ऐकले," पहिला पोपट म्हणाला. "मी ऐकले," दुसरा म्हणाला. सारे रान तेच बोलू लागले. पाहणारा एकही निघाला नाही.

राजाने मुकुट उतरवला. "सुमेधाबाई, विचारायचे काम माझे होते. मी विचारले नाही."

सुमेधा लेकीचा हात धरून तळ्यावर गेली, ओंजळ भरून सर्वांदेखत पाणी प्यायली. मग ढोल वाजले, पोरेबाळे पाण्यात उतरली, सारे राज्य पोटभर प्यायले. राजा मात्र काठावरच उभा होता. सुमेधेने पुन्हा ओंजळ भरली आणि त्याच्यापुढे धरली.