कापडाखालचं कार्ड

एकदा एक बाई भर वैशाखात आपल्या मुलीचा संगणक रिक्षातून मांडीवर धरून एका वृद्ध कारागिराच्या दुकानात आल्या. भरतकाम केलेल्या जाड कापडात त्यांनी तो असा गुंडाळला होता, जणू तान्हं मूल दुपट्यात असावं. मागोमाग मुलगी आली, नख कुरतडत.

"दादा, ह्याचा वेग वाढवून द्या," बाई कारागिराच्या शिष्याला म्हणाल्या. "हिची कार्टूनची फिल्म उद्या संध्याकाळपर्यंत कॉलेजात गेली नाही तर प्रवेश गेलाच म्हणायचा. आमच्या समोरच्या मुलाला तुम्हीच वाढवून दिलात ना? तो कधीच करून मोकळा झाला. कार्ड दोघांचं एकच. मग हिचंच काय अडतंय?"

मुलगी मान खाजवत राहिली.

काढलेल्या चित्रांची फिल्म घडवून देणारं ग्राफिक्स कार्ड कारखान्यातून एका ठरलेल्या वेगाने निघतं. जाणता हात तो वेग वाढवू शकतो. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हे कार्ड मधल्या प्रतीचं होतं, आणि अशा कार्डाकडून उंची कार्डाचं काम करून घेण्यात शिष्याचा हात कुणी धरू शकत नसे. निदान त्याला तसं वाटे.

"अहो काकू, बसा तुम्ही. चहा संपेस्तोवर पळायला लागेल."

संगणक टेबलावर आल्यावर वृद्धाने त्याला एक डिस्क जोडली, थोड्या वेळाने काढली आणि कोपऱ्यात जाऊन बसला. मग शिष्याने संगणकाच्या कॅबिनेटची बाजू उघडली, टेबलपंखा समोर लावला आणि समोरच्या मुलाच्या कार्डाला दिला होता तोच वेग ह्यालाही दिला. मग चाचणी सुरू केली. पडद्यावर चित्रं झरझर बनू लागली. कुठे अडखळणं नाही, की गरम होणं नाही.

"झालं!" शिष्य म्हणाला. बाईंनी हात जोडले.

कोपऱ्यातला वृद्ध तेव्हा उठला. त्याने कॅबिनेट बंद केलं. पंखा बंद केला. मग बाईंच्या मांडीवरचं कापड मागून घेतलं आणि संगणकावर पसरलं.

"काका, हे काय?" शिष्याने विचारलं.

"चालू दे चाचणी."

दुकानात एकाएकी उकाडा दाटला. पडद्यावरचा तापमानाचा आकडा चढू लागला. कार्डाचा पंखा आधी गुणगुणला, मग चक्क किंचाळू लागला. शिष्याचा हात बटणाकडे गेला. वृद्धाने तो मधेच धरला. चित्रांवर रंगीत ठिपके उमटले, रेघा फुटल्या, आणि पडदा काळा झाला.

"अगं बाई! माझ्या पोरीची फिल्म!" बाई ताडकन उठल्या.

"फिल्मची चित्रं सुखरूप आहेत, ताई. मशीन टेबलावर आलं तेव्हाच मी ती वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली," वृद्ध म्हणाला.

शिष्य मात्र संतापला होता. "असं कापड घातल्यावर कुठलंही कार्ड बंद पडेल! ही काय चाचणी झाली?"

"अरे, ते कापड मी घरून आणलं का?" वृद्ध मुलीकडे वळला. "बाळ, घरी हा संगणक असतो कुठे?"

मुलगी हळूच म्हणाली, "माळ्यावर. कपाटाच्या खणात. वर पत्रा आहे. धूळ बसू नये म्हणून आई कापड घालते."

"आणि तू?"

"मी पण तिथेच बसते. खाली पाहुणे येतात, टीव्ही असतो."

वृद्ध शिष्याकडे वळला. "समोरच्या मुलाचं कार्ड गार खोलीत, मोकळ्या टेबलावर असेल. तू ह्याला आकडा तोच दिलास, आणि इथे त्या मुलाच्या खोलीसारखा वारा देऊन पास केलंस. जिथे ह्याला रोज जगायचं आहे तिथलं ऊन तू मोजलंच नाहीस. कापड काढता येईल. पत्रा कसा काढशील? कार्ड वाईट नाही रे. त्याला कुणी विचारलं नाही, की तू राहतंस कुठे."

शिष्य ओशाळला. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याने वेग मूळच्या जरासाच वर ठेवला, आणि ह्या वेळी संगणक दारातल्या उन्हात ठेवून, कॅबिनेट मिटून, पंखा न लावता चाचणी घेतली. सगळ्यांचे डोळे पडद्यावर खिळले होते. आकडा चढला, चढला, आणि एका जागी थांबला. ठिपका उमटला नाही.

"पण वेळेत होईल ना हो?" बाईंनी विचारलं.

"सावकाश होईल. मधे बंद पडलं नाही, तर उद्या दुपारी हातात येईल."

बाईंनी कापडाची घडी घातली. संगणकावर घालायला म्हणून हात पुढे गेला, तो तसाच थांबला. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिच्या मानेवर घामोळं उठलं होतं, लालभडक. ते कधीपासून होतं कोण जाणे.

"अगं, बोलली नाहीस कधी?" घडीच्या टोकाने त्यांनी तिची मान हलकेच टिपली. "टीव्ही जाऊ दे माळ्यावर. तू खाली बस."

एकाच्या वेगाने दुसऱ्याला मोजण्याआधी त्याच्या डोक्यावर पत्रा आहे का, एवढं तरी पाहावं.