होडीने आलेला इंजिनिअर

"आणि आलास कसा?" परकार सरांनी विचारलं.

श्रीपाद तोडणकर अंगणात दम खात उभा होता. हातात शालीत गुंडाळलेला काँक्रीटचा ठोकळा, आणि त्याच्या वजनाने दंड भरून आलेले. त्याला अपेक्षा होती शाबासकीची. हा काय प्रश्न?

"होडीने," तो म्हणाला.

"बरं," सर म्हणाले आणि सुपारीच्या आळ्यात पाणी सोडत राहिले.

इस्माईल परकार जन्मभर पूल बांधून निवृत्त झाले आणि खाडीकाठच्या आपल्या गावी येऊन राहिले. बोलणं मुळातच कमी, त्यात म्हातारपण. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुलं मात्र सगळ्या कोकणात पसरली होती, आणि त्या मुलांनी एक रिवाज पाडला होता. काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं साच्यात भरून ठोकळे पाडतात. पुढे ते यंत्रात दाबून फोडतात. किती जोर सोसला, त्यावर काम पास की नापास. ज्याचा पहिला पूल पुरा होई, तो असा एक उरलेला ठोकळा सरांकडे आणून देई, आणि सर तो अंगणातल्या बकुळीच्या पारात बसवत. पार ठोकळ्याठोकळ्याने वाढला होता. प्रत्येकावर फक्त एकेक नाव कोरलेलं. राणे. कुलसुम. गावडे.

त्या पारात आपलाही ठोकळा लागावा, हे श्रीपादचं नोकरीला लागल्यापासूनचं स्वप्न. पण गडी हौशी. त्याने ठोकळ्यावर लाल रंगात पुलाचं नाव रंगवून आणलं होतं.

"सर, उद्या उद्घाटन. मंत्री येतायत. पहिली एस.टी. शाळेच्या मुलांनी भरून सोडणार. तुम्ही मुलांबरोबर पुढच्या सीटवर बसायचं."

सरांनी शाल बाजूला करून ठोकळ्यावरून हात फिरवला.

"पास झाले ठोकळे?"

"झाले म्हणजे! पाहिजे त्याहून जास्त भरले."

सरांनी ठोकळा पारावर ठेवला नाही. खाली, पायरीपाशी ठेवला.

श्रीपादला ते लागलं. इथून खाडी दिसत होती, आणि खाडीवर त्याचा पूल, पांढराशुभ्र, नवरदेवासारखा नटलेला. पताका लागल्या होत्या. वर्षानुवर्षं होडीची वाट पाहणाऱ्या गावाला त्याने रस्ता दिला होता, आणि हा म्हातारा पायरी दाखवतोय!

"पूल पुरा होऊन किती दिवस झाले रे?"

"महिना झाला, सर."

"आणि तू होडीने आलास."

"सवय, सर. काम चालू असताना रोज होडीनेच जा-ये करायचो ना."

"हं... सवय. आई येणार असेल उद्या?"

"येणार तर! या काठावर मावशीकडे उतरलीय."

"पलीकडच्या मांडवात कशी जाईल?"

"होडी सांगून ठेवलीय तिला. पुलावर गर्दी..."

श्रीपाद बोलता बोलता थांबला. उद्घाटनाआधी पुलावर कसली आलीय गर्दी? आईला होडी सांगताना हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. की आलं होतं?

सरांनी नळ बंद केला, चपला पायात सरकवल्या आणि काठी घेतली.

"चल. तुझा पूल बघू."

पुलाच्या तोंडाशी फुलांची कमान उभी होती. कमानीपलीकडे डांबर काळंभोर, कोरं. सर कमानीखालून गेले आणि पुढे चालू लागले. म्हातारा चालायला मोठा खमका. पूल जिथे सुरू होतो तिथली फट त्यांनी ओलांडली, आणि...

श्रीपादने त्यांचा हात धरला.

"नको, सर."

सर थांबले.

"माझं वजन ते काय? पाखराएवढं. तुझा हिशोब काय म्हणतो?"

"हिशोब म्हणतो, काही होणार नाही."

"मग हात सोड."

श्रीपादने हात सोडला नाही. सोडायचा होता, पण सुटेना. स्वतःचाच हात, पण परक्याचा असल्यासारखा तो त्याच्याकडे बघत राहिला.

खाली भरतीचं पाणी खांबांना लागत होतं.

"मधला खांब," शेवटी तो म्हणाला. "काँक्रीट ओतताना पंप अडकला. माल घट्ट व्हायला लागला, तेव्हा ताकद जाते हे ठाऊक असून त्यात पाणी मारलं. साच्याच्या फळ्या काढल्या तर बुडाशी नुसती खडी उघडी. मधाच्या पोळ्यासारखी भोकं. फोडून, तपासून परत करायला हवं होतं. पावसाळा तोंडावर आला होता. मी... प्लास्टर मारून घेतलं."

"आणि ठोकळे?"

"ते आधीच भरले होते. पाणी मारायच्या आधी." तो घाईघाईने म्हणाला, "सर, मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही! सगळं कागदावर बरोबर आहे. आणि डिझाइनमध्ये जादा ताकद ठेवलेलीच असते की. तेवढी सोय असते."

"असते ना. मीच शिकवलं तुला." सरांचा आवाज जराही चढला नाही. "जे आपल्याला ठाऊक नसतं, त्याच्यासाठी ठेवतो आपण ती. तुला तर ठाऊक आहे..."

श्रीपाद कठड्याला टेकला. उद्या हे सगळं बंद करायचं म्हणजे काय, ते त्याला लख्ख दिसत होतं. मंत्र्यांचा दौरा रद्द. चौकशी. बढती तर गेलीच, नोकरीचंही खरं नाही. गावात तोंड दाखवायची सोय नाही. आणि दुसरीकडे ती एस.टी. खिडक्या-खिडक्यांतून हात बाहेर काढून ओरडणारी मुलं.

"सर, तुम्ही सांगा. काय करू?"

सर खाडीकडे बघत होते.

श्रीपादने खिशातून फोन काढला.

"साहेब, तोडणकर बोलतोय. उद्याचा कार्यक्रम होणार नाही... नाही साहेब, मंडपाचं काही नाही. मधला खांब. प्लास्टर फोडून तपासल्याशिवाय पुलावर सायकलसुद्धा सोडता येणार नाही. डिझाइनवाल्यांना बोलवावं लागेल... हो, ठोकळे पास आहेत. खांबाचं सांगतोय मी... हो. मीच झाकायला लावलं. लेखी देतो, आजच देतो."

पलीकडचा आरडाओरडा सरांपर्यंत ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

कमानीजवळ लोखंडी पिंपं पडली होती. श्रीपाद एकेक पिंप लोटत आणू लागला आणि रस्त्यावर आडवी ओळ लावू लागला. फुलांच्या कमानीखाली ती पिंपं फार वाईट दिसत होती. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही. सरांनी काठी बाजूला ठेवली आणि शेवटचं पिंप त्याच्याबरोबर लोटलं.

घरी परतेपर्यंत उन्हं उतरली होती. पायरीपाशी ठोकळा तसाच पडून होता. लाल अक्षरं लांबूनही वाचता येत होती.

श्रीपाद वाकला आणि ठोकळा शालीत गुंडाळू लागला.

"कुठे नेतोस?"

"परत नेतो, सर. काय तोंडाने ठेवू इथे?"

सर आत गेले. बाहेर आले तेव्हा एका हातात छिन्नी-हातोडी आणि दुसऱ्या हातात सिमेंटचं घमेलं. बकुळीखाली बसकण मारून ते सिमेंट कालवू लागले.

"ती रंगरंगोटी आधी खरवडून काढ. आणि आपलं नाव कोर."

श्रीपाद जागचा हलला नाही.

"सर... पूल नापास झालाय माझा."

परकार सरांनी पाराच्या कडेला थापीने सिमेंट पसरलं, ठोकळ्यापुरतं. मान वर न करताच ते म्हणाले,

"ह्या पारात मी पूल कधी बसवले रे?"